तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन बंद पडलं, तर मागे का वळत नाहीत?

टेकऑफनंतर मिनिटभरात छोटं विमान पडल्याची बातमी आली की प्रश्न ठरलेला : धावपट्टी मागेच होती ना, मग पायलट वळून परत का नाही उतरला?

वळला असेल, बहुतेक म्हणूनच पडला.

फ्लाइंग स्कूलमधलं नेहमीचं सेसना १७२एस घ्या. जमिनीपासून चारशे फुटांवर इंजिन गेलं. विमानाचं नाक चढाईसाठी वर उचललेलं असतं, त्यामुळे स्पीड लगेच घसरतो. काय झालं हे कळायलाच तीन-चार सेकंद जातात. नाक खाली करून ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किमी) धरले, तर हे विमान नीट ग्लाइड करतं, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत खाली येतं. पण तेव्हाही मिनिटाला सात-साडेसातशे फूट उंची जाते, वळताना आणखी जास्त. ३० अंश कलून अर्धा गोल मारला तर धावपट्टी समोर येत नाही, चारशे मीटर बाजूला राहते. तिच्यावर यायचं तर एकीकडे सुमारे २२५ अंश आणि उलट ४५ अंश वळावं लागतं. त्याला अर्धा मिनिट लागतो. उंची तेवढी नसतेच.

मग माणूस जास्त कलवतो. इथे खरा घात होतो. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) वर असताना हे विमान सरळ उड्डाणात ४८ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते; उंची टिकवत ४५ अंश कललं तर ५७ला, ६० अंशांना ६८ला. म्हणजे ग्लाइडचा स्पीड अचूक धरूनही पंखांखालचा आधार जातो. त्यात समोरचा वारा वळल्यावर पाठीमागून येतो, जमीन भरभर मागे पळताना दिसते आणि स्पीड भरपूर आहे असं वाटून हात नकळत नाक वर ओढतो.

म्हणून कृती एवढीच : नाक खाली, जवळपास सरळ समोर, थोडं डावं-उजवं करून मोकळी जागा. वेळ मिळाला तर मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या इंधनाचं प्रमाण) बंद, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद, फ्लॅप खाली, मग मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद; दाराची कडी आधीच उघडी, नाहीतर सांगाडा वाकला की दार अडकतं. शेत, मैदान, रस्ता, काहीही चालेल. विमान मोडलं तर मोडू द्यावं.

५ मार्च २०१५ला अभिनेता हॅरिसन फोर्ड यांच्या १९४२ सालच्या रायन विमानाचं इंजिन कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाहून उडाल्यावर लगेच बंद पडलं. त्यांनी परत येतो असं कळवलं, पण पोहोचणार नाही हे ओळखून गोल्फच्या मैदानात उतरवलं. झाडाचा शेंडा लागला, जबर जखमी झाले, पण वाचले. तपासात कार्ब्युरेटरमधला जेट (इंधन मोजून सोडणारा छोटा भाग) आटे सुटून निघालेला सापडला.

असा दोष उडण्याआधी हाती लागणं अवघडच. इंजिन बंद पाडणारं इंधनातलं पाणी मात्र सापडतं. ते इंधनापेक्षा जड, टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून उड्डाणाआधी प्रत्येक ड्रेनमधून (तळाशी इंधन काढायची छोटी तोटी) नमुना काढायचा. १७२एसला असे तेरा ड्रेन आहेत, आणि कंटाळा येतो तो इथेच. पेल्यात दोन थरांमधली रेघ शोधतात, पण पेलाभर सगळं पाणीच आलं तर रेघ दिसणार कुठून? १००एलएल, म्हणजे या विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून आधी रंग बघायचा, मग रेघ.