फॉर्म सोमवारी मिळेल

बुधवारी ऑफिसच्या खिडकीशी आमच्या कॉलेजातली एफवायची, म्हणजे पहिल्या वर्षाची, एक मुलगी उभी होती, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार, फीची पावती, आयकार्ड. रेल्वे पासच्या कन्सेशनचा फॉर्म हवा होता. आतून आवाज आला, सोमवारी या. ही मुलगी कसाऱ्याच्या पुढच्या पाड्यावरून ठाण्याला येते, आधी जीप, मग दीड-पावणेदोन तास लोकल, आणि पास कालच संपलेला. रोजच्या तिकिटाचे किती होतील ते तिने माझ्यासमोर बोटांवर मोजलं आणि म्हणाली, मॅडम मग मी सोमवारीच येते.

मी आत जाऊन फॉर्म आणून दिला. पाच मिनिटं लागली. पण ते तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

मध्ये अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या घरांतल्या, मुलांबद्दल वाचत होते. तिकडे पदवीच्या मुलांत किमान २५ टक्के लॅटिनो असले की कॉलेजला हिस्पॅनिक सर्व्हिंग इन्स्टिट्यूशन, म्हणजे लॅटिनो मुलांना शिकवणारी संस्था, म्हणतात. म्हणजे मोजतात कोण आत आलं ते, पास होऊन किती बाहेर पडले ते नाही. आपलंही तेच ना, राखीव जागा भरल्या की कॉलेज मोकळं!

पण न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला, त्यात मुलांना मेट्रोचा पास, पुस्तकांचा खर्च, आणि सतत विचारपूस करणारा एक सल्लागार दिला. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत मिळवणारे, कार्यक्रमात नसलेल्या मुलांत २२ टक्के होते, कार्यक्रमातल्या मुलांत ४० टक्के. पास, पुस्तकं, विचारपूस, अशा साध्या गोष्टी.

आमच्याकडे एटीकेटी लागली, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्षात जाता येत असलं, तरी नापास झालो समजून मुलं यायचीच बंद होतात, कारण घरात कॉलेज कोणी पाहिलेलंच नाही, सांगणार कोण. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप खातं आधारला लिंक नाही म्हणून अडकते. हॉस्टेल न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात, हे मी वर्गात विचारलं तर दोघांनाच माहीत होतं. वीस मुलांमागे एक शिक्षक ठेवा, चार दिवस मूल दिसलं नाही तर फोन करा, याला कुठली ग्रँट लागते?

कन्सेशनचा फॉर्म रोज मिळावा असं प्रिन्सिपल सरांना लेखी दिलंय, आणि माझ्या वीस मुलांचे नंबर कालच वहीत उतरवून घेतले.