आधी कात्री, मग गाडी

द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर नाशिकच्या निफाड-दिंडोरीत फवारणीला उसंत नसते. दुपारी कुणी बांधावर बसलं की सगळ्यांचा एकच निदान-शब्द: "ऊन लागलं." आमच्याकडे नाना फवारता फवारता बसले, तेव्हाही तोच निघाला. पण ऊन लागलेल्याच्या तोंडाला कोरड पडते. नानांची लाळ गळत होती, नाक-डोळे वाहत होते, शर्ट घामाने चिंब, आणि सावलीतही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दंडाची कातडी आतून फुरफुरत होती. ही लक्षणं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेची. उलटी, जुलाब, छातीत घरघर हे त्याच्या मागोमाग येतं.

नसांचा निरोप पोचला की तो निरोप नेणारं अ‍ॅसिटिलकोलीन तोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. हे फवारणीचं औषध त्यालाच बांधून ठेवतं; मग ग्रंथी पाझरतच राहतात, स्नायू फडफडून शेवटी गळतात. युद्धातले नर्व्ह एजंट, म्हणजे नसांवर घाला घालणारी विषंही याच घराण्यातली: १९३६ मध्ये जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशक शोधत असताना टाबुन हाती लागलं. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत सारीन हे असंच विष सोडलं गेलं, तेव्हा रुग्णांच्या कपड्यांतून उठणाऱ्या वाफेने दवाखान्यातल्या माणसांनाही त्रास झाला. म्हणून १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईपर्यंत कपडे काढायचे.

नानांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. हातात नायट्राइलचे मोजे. पातळ रबरी मोजे टिकत नाहीत. टी-शर्ट डोक्यावरून ओढला तर औषध नाकातोंडाला पुसलं जातं, म्हणून छाटणीच्या कात्रीने समोरून कापला. कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधले. चामड्याची चप्पल आणि पट्टा फेकूनच द्यायचा, चामडं औषध पितं. मग मोटारीच्या पाइपने साबण लावून १५-२० मिनिटं धुतलं: केस, कानांमागे, नखं, काखा, जांघा. घासायचं नाही, गरम पाणी नको. डोळ्यांवर १५ मिनिटं नुसतं साधं पाणी.

तेवढ्यात कुणी दूध आणतं, कुणी मिठाचं पाणी. दोन्ही परत पाठवा. लेबलवर ईसी लिहिलेल्या औषधात तेलकट द्रावक असतं. उलटी करवली तर ते फुफ्फुसात उतरतं. डाव्या कुशीवर झोपवा, तोंडातली लाळ बाहेर वाहू द्या. श्वास थांबला तरी तोंडाला तोंड लावू नका.

बाटल्या सोबत घ्याच, टाकीत तीन औषधं मिसळली असतील तर तिन्ही. दुकानी नाव डॉक्टरांच्या कामाचं नाही. लेबलवर टेक्निकल नाव, म्हणजे मूळ रसायनाचं नाव, आणि विषावरचा उतारा छापलेला असतो. चौकोनाचा खालचा भाग लाल असेल तर सर्वांत जहाल. औषध कार्बामेट या दुसऱ्या गटातलं निघालं तर उपचारात थोडा फरक पडतो, म्हणून हा आग्रह.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन हे या विषावरचं इंजेक्शन सुरू होतं आणि नातेवाईक घाबरतात. आपल्याकडची नेहमीची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला सुरुवातीलाच २-३ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ते पाच अँप्युल लागतात. छाती कोरडी होईपर्यंत दर ५ मिनिटांनी डोस दुप्पट करतात. नाडी पळतेय म्हणून "पुरे करा" असा हट्ट धरू नका. बाहुल्या मोठ्या होण्याची वाटही बघू नका. खूण फुफ्फुसांची, डोळ्यांची नव्हे. हे सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी टोचायचं औषध हे नाही. अ‍ॅट्रोपिनने स्नायूंना बळ येत नाही. त्यासाठी पीएएम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, देतात; तेही लवकर, कारण एन्झाइमवरची पकड वेळेगणिक पक्की होत जाते.

दुसऱ्या दिवशी नाना बोलायला लागले, चहा मागितला, आणि घरची मंडळी डिस्चार्जचं बोलू लागली. इथे थांबा. २४ ते ९६ तासांत मानेची, मग श्वासाची ताकद अचानक जाऊ शकते, लाळ-घाम काही नसताना. दर दोन-तीन तासांनी, "नाना, उशीवरून डोकं उचला बरं," एवढंच सांगायचं. उचललं नाही, तर सिस्टरना तिथल्या तिथे हाक मारा; व्हेंटिलेटरची गरज अशीच आधी कळते.