फिनलंडचेच का?

परवा पुतण्याच्या साखरपुड्यात पुन्हा तेच झालं. जेवणं उरकली, पान झालं आणि जाऊबाईंच्या भावानं विचारलं, "ताई, तुमच्याकडं म्हणे फिनलंडच्या युद्धपटांचा साठा आहे. फिनलंडच का हो?" मी नेहमीसारखं म्हटलं, "चार वर्षं होतो ना तिथं," आणि विषय बदलला. हे उत्तर मी सहा-सात वर्षं देते आहे आणि ते खोटं आहे. आमच्याबरोबर तिथं राहिलेल्या मराठी घरांपैकी एकाही घरात यातला एक सिनेमा नाही. म्हणून आज नीट लिहिते, ज्यांनी ज्यांनी विचारलंत त्या सगळ्यांसाठी.

साठा म्हणजे कपाटाच्या खालच्या दोन फळ्या. ४३ डीव्हीडी, ६ व्हीएचएस टेपा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही २०१४ ते २०१८ फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरात होतो, तिथल्या 'किर्पुतोरी'तून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारातून, एक-दोन युरोला एक अशा बहुतेक घेतल्या. तिकडची डीव्हीडी रीजन २ची, म्हणजे त्या प्रदेशातल्या प्लेअरवरच चालणारी, आपल्याकडचा प्लेअर रीजन ५चा, त्यामुळं सगळं चालवणारा प्लेअर वेगळा आणावा लागला. पुण्याच्या पावसाळ्यात टेपांना बुरशी धरते, म्हणून डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवते. डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत सबटायटलच्या भाषा लिहिलेल्या असतात. कितीतरी डब्यांवर फिनिश आणि स्वीडिश एवढंच असतं. मी फिनिश शिकले ती या डब्यांसाठी. खंदक, बर्फ, स्ट्रेचर, घरचं पत्र हे शब्द मला भाजीबाजारातल्या शब्दांच्या आधी आले.

"बाईमाणसाला लढाया कशा बघवतात?" हाही प्रश्न असतो. मला लढाया बघवत नाहीत. तोफखाना सुरू झाला की मी आवाज कमी करते. मी बघते ती लढाईच्या आगेमागची माणसं: तंबूत मधोमध पेटलेली शेगडी, तिच्याभोवती पाय आत करून झोपलेले जवान, राखणीला जागा राहिलेला एकजण. एका सिनेमात ही शेगडी असते, मग दुसऱ्यातही तशीच असते, आणि हळूहळू ते घर ओळखीचं होतं.

आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची त्यांची रीत मला फार जवळची वाटते. वाइनो लिन्ना हा ताम्पेरेच्या फिनलेसन कापड गिरणीतला कामगार. स्वतः आघाडीवर जाऊन आलेला. पाळी सांभाळून त्यानं १९४१ ते १९४४ च्या युद्धातल्या मशीनगन तुकडीवर कादंबरी लिहिली, 'तुंतेमातोन सोतिलास', म्हणजे अज्ञात सैनिक. ती १९५४ ला आली. पुढच्याच वर्षी एडविन लाइनेनं तिचा सिनेमा केला, आणि जेमतेम बेचाळीस लाखांच्या देशात त्याची सुमारे २८ लाख तिकिटं खपली. १९८५ ला राउनी मोल्बर्गनं तीच गोष्ट पुन्हा केली, रंगीत, कॅमेरा खांद्यावर घेऊन, नवख्या पोरांना घेऊन. २०१७ ला, स्वातंत्र्याच्या शंभराव्या वर्षी, आकू लोउहिमिएसनं तिसऱ्यांदा. हा तिसरा मी ज्या थिएटरात पाहिला ते त्याच जुन्या गिरणीच्या आवारात आहे. तुमच्या-माझ्या गिरणगावात मॉल झाले, तसं तिथंही झालंय, पण लिन्नानं जिथं यंत्र चालवलं त्याच आवारात त्याची माणसं पडद्यावर मरत होती आणि शेजारच्या खुर्चीतल्या आजी पुढचा संवाद ओठांतल्या ओठांत आधीच म्हणत होत्या. त्यांना सगळं पाठ होतं. आपल्याकडं कीर्तनाला बसलेल्या बायकांना आख्यान पाठ असतं, तसं.

पहिल्या सिनेमात लेहतो नावाचा कडवट जवान ज्यानं केला तो ओके लिंडमन पुढं स्वतः दिग्दर्शक झाला आणि सत्तरीच्या पुढं, २००४ आणि २००७ ला, त्यानं त्याच युद्धावर दोन सिनेमे केले. विशीत ज्या खंदकात उभा राहिला, म्हातारपणी पुन्हा तिथंच गेला. जमवण्यातला आनंद मला अशा धाग्यांत मिळतो. एकटी डीव्हीडी म्हणजे एक सिनेमा. शेजारी शेजारी लावल्या की एक देश साठ वर्षं एकाच जखमेवरची पट्टी सोडून बघताना दिसतो.

आता हिटलरचा प्रश्न: हे लोक त्याच्या बरोबरीनं लढले ना? तो टाळणार नाही. १९३९ च्या ३० नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या, १०५ दिवस युद्ध झालं, आणि १३ मार्च १९४० ला कारेलियासारखा मुलूख सोडून तह करावा लागला. चार लाखांवर माणसं घरदार सोडून निघाली. इथवर माझं मन त्यांच्या बाजूनं उभं राहतं. पण १९४१ ते १९४४ ते जर्मनीच्या बरोबरीनं लढले, जुनी सीमा ओलांडून पुढं गेले. सीमेपलीकडच्या, सोव्हिएत पूर्व कारेलियात त्यांनी रशियन नागरिकांना छावण्यांत डांबलं, तिथं हजारो माणसं मेली. नोव्हेंबर १९४२ मध्ये आठ ज्यू निर्वासित जर्मनांच्या हवाली केले. माझ्या दोन फळ्यांवर या छावण्यांचा सिनेमा नाही. मी शोधला. ही उणीव मला सलते आणि तरीही मी पुढची डबी घेते. याचं समर्थन माझ्याकडं नाही.

पण खरं कारण अजून सांगितलेलं नाही.

ताम्पेरेतल्या पहिल्या नाताळच्या संध्याकाळी शेजारीण मला कालेवानकांगास दफनभूमीत घेऊन गेली. बर्फात सैनिकांच्या थडग्यांच्या एकसारख्या रांगा आणि प्रत्येकापुढं जळती मेणबत्ती. मी विचारलं, ही सगळी इथंच मेली का? ती म्हणाली, छे, आघाडीवर. पण आणली घरी. फिनलंडनं युद्धात पडलेल्यांना शक्य तितकं करून ज्याच्या त्याच्या गावी आणलं. आघाडीमागं त्यासाठी केंद्रं होती: ओळख पटवायची, धुवायचं, शवपेटीत ठेवायचं आणि गाडीनं गावाकडं पाठवायचं. म्हणून तिथं चर्चच्या अंगणाअंगणात या रांगा आहेत.

मी सातारा जिल्ह्यातल्या फौजी गावची. माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ १९४४ ला इटलीत मराठा पलटणीत होता, तिथंच गेला. घरी एक कागद आला. गंमत नाही सांगत, कागदोपत्री तो फिनलंडचा शत्रूच होता. ब्रिटननं ६ डिसेंबर १९४१ ला, नेमक्या फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी, त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. आजी, म्हणजे त्याची वहिनी, शेवटपर्यंत म्हणायची, "माती न्हाई बघितली त्याची." स्वतंत्र भारतातही कारगिलपर्यंत बहुतेक जवानांना आघाडीजवळच अग्नी दिला जायचा. घरी तार यायची, मागून पेटी यायची. १९९९ नंतर तिरंग्यातलं पार्थिव गावात येताना आपण बघतो, त्याच्या आधीच्या घरांनी काहीच बघितलेलं नाही. त्या दफनभूमीत मला आजी आठवली. दुसऱ्या आठवड्यात मी पहिली डीव्हीडी घेतली.

आणि आता आबा.

माझे वडील १९७१ ला पूर्व आघाडीवर होते. घरात एवढंच वाक्य होतं. त्याच्या पुढं कधी गेलो नाही. लहानपणी विचारलं की ते म्हणायचे, "लई चिखुल हुता," आणि गोठ्याकडं जायचे.

मे २०१९ मध्ये मी सुट्टीला गावी गेले तेव्हा लॅपटॉप आणि दोन डब्या घेऊन गेले. पहिल्या संध्याकाळी 'ताल्विसोता' लावला, म्हणजे हिवाळी युद्ध, ते १०५ दिवसांचं. पेक्का पारिक्काचा, १९८९ चा, युद्ध सुरू झाल्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी प्रदर्शित झालेला. सव्वातीन तासांचा. कौहावा भागातले शेतकरी स्वतःच्याच कपड्यांत भरती होतात आणि ताइपाले आघाडीच्या खंदकांत बसतात. मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. आबांना तो फार आवडला. ते बघत होते ते जाणत्याच्या नजरेनं. "खंदकाला लाकडं बरी लावल्यात." "ती मशीनगन पाण्याची हाय, थंडीत पाणी गोठत आसंल की." घोडी दिसली की पुढं सरकायचे. धाकटा भाऊ मरतो तिथं त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी तहाच्या सकाळी अकराला तोफा थांबतात, तिथं म्हणाले, "असंच हुतंय. एकदम कानच बसल्यावानी." १९७१ बद्दल त्यांनी माझ्यासमोर म्हटलेलं ते पहिलं वाक्य होतं. मी रात्रभर जागी होते.

दुसऱ्या संध्याकाळी मी 'हिल्यायसूस' लावला. साकारी किर्यावाइनेनचा, २०११ चा. नावाचा अर्थ शांतता. दोन तरुण जवानांना दोन्ही फौजांच्या मधल्या पट्ट्यातून मेलेल्यांना ओढून आणायचं काम असतं, आणि मागच्या केंद्रात त्यांना धुऊन घरी पाठवतात. सिनेमा कशावर आहे हे मी आबांना सांगितलं नाही. हे मी ठरवून केलं. आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो उशीपाशी पालथा ठेवला. तेही ठरवून.

देह धुण्याचा प्रसंग आला आणि आबा उठले. "बंद कर," म्हणाले. मी बंद केलं. ते अंगणात गेले, मी मागं गेले, फोन हातात. ते कट्ट्यावर बसले. बराच वेळ गेला. शेजारच्या गोठ्यात म्हैस साखळी ओढत होती. मग माझ्याकडं न बघता ते बोलायला लागले.

"लाकडं वली हुती. पेटंनात. आमी तिघं हुतो, चौघांना द्यायचं हुतं. येक तर आपल्या कोरेगावचा. मग गाडीतलं डिझेल..."

आणि त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. अंधारात स्क्रीन उजळली होती.

"ते चालू हाय का?"

मी हो म्हटलं. खोटं बोलता आलं असतं, पण आबांशी नाही बोलता येत. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. उठले, म्हशीला वैरण टाकली, आत जाऊन झोपले. सकाळी चहा घेताना नातवाच्या शाळेची चौकशी केली.

त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही.

मला दोष देणाऱ्यांत मीच पहिली आहे, तरी माझी बाजू मांडते. त्या वेळी मी स्वतःला सांगत होते की हे सगळं हरवून जाईल. तो कोरेगावचा मुलगा कोण, त्याच्या घरच्यांना कुणी सांगितलं का, अग्नी कुणी दिला हे त्यांना कळलं का? फिनलंडमध्ये या गोष्टींची नोंद आहे, चर्चच्या अंगणात दगड आहे, त्यावर सिनेमे आहेत. आपल्याकडं ती एका म्हाताऱ्याच्या पोटात आहे. मग मुलीनं विचारायचं नाही तर कुणी? मी आजही यातला एकही शब्द मागं घेत नाही.

पण आज मी त्या २०१९ च्या बाईला विचारते: तुला तो कोरेगावचा मुलगा हवा होता की आबा हवे होते? विचारायचं होतं तर समोर बसून विचारायचं होतंस. परक्या देशाची प्रेतं दाखवून बापाच्या तोंडून काढून घ्यायचं कशाला? ती म्हणते, समोर बसून चाळीस वर्षं विचारलं, चिखल सोडून काही मिळालं नाही. तिचंही बरोबर आहे. मग मी म्हणते, बोलायला लागले होते की, हातात फोन नसता तर बोलले असते. यावर ती गप्प होते. पण फोन नसता तर ते चार शब्दही आज माझ्या आठवणीत असेच राहिले असते का, हे मला सांगता येत नाही.

रेकॉर्डिंग एक मिनिट बावन्न सेकंदांचं आहे. निम्म्याहून जास्त म्हशीच्या साखळीचा आवाज आहे. भाऊ म्हणतो पुसून टाक. मी पुसलेलं नाही. ऐकतही नाही.

डब्या घेणं मात्र थांबलेलं नाही. गेल्या वर्षी मिक्को निस्कानेनचा 'पोयात' मिळाला, १९६२ चा. औलू शहरातली पोरं, गावात जर्मन सैनिक, आणि शेवटी आई गाडीत बसून निघून जाते तिच्यामागं धावणारा मुलगा. त्यात आघाडी दिसतच नाही. असं काही बघितलं की वाटतं, हे लोक अजून विचारताहेत. एकमेकांना, बापाला, आईला. युद्ध संपल्याला ऐंशी वर्षं झाली आणि त्यांचं विचारून झालेलं नाही. मला त्यांच्या कपाटाशेजारी बसायला बरं वाटतं.

गेल्या महिन्यात आबांचा फोन आला होता. भात काढला, पाऊस लांबला, सगळं सांगून झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "ते बर्फातलं, घोड्यांचं, दिवाळीला घिऊन ये. पुन्यांदा बघू."

मी म्हटलं, आणते.

"आन् फोन आत ठिव."

सव्वातीन तासांचा आहे. आता ते ऐंशीच्या घरात आहेत, एका बैठकीत बसवणार नाही. दोन संध्याकाळी लागतील.