केचप बाजूला ठेवा

बर्गरवर केचप ओतणारी माणसं मला आवडत नाहीत असं नाही. फक्त त्यांच्या हातात बाटली दिसली की मी माझी डिश जरा लांब सरकवतो.

सांगलीत विश्रामबागेत संध्याकाळी बर्गरच्या गाडीवर उभं राहिलं की माणसांचे स्वभाव कळतात. तव्यावर अमूल लोणी, त्यावर उघडा करून पालथा टाकलेला बन, शेजारी बटाट्याची टिक्की, बारीक चिरलेल्या कोबीचा ढीग, कांद्याच्या चकत्या, मेयोनीज, चीजची स्लाइस. मग गाडीवाला विचारतो, "केचप घालू काय?" हे विचारणं नावालाच. आपण तोंड उघडेपर्यंत बाटली दाबून झालेली असते. आमच्या घरातली मंडळी गाडीवर गेली की दर बर्गरमागं एक वेगळी सूचना. पुतणीला मेयोनीज एवढं लागतं की टिक्की शोधावी लागते. वहिनींना कांदा नको, कारण नंतर बचत गटाची मीटिंग असते. दाजी सगळ्यावर शेव मागतात. पोहे, मिसळ, भेळ, उद्या श्रीखंडावरही मागतील. "भडंगाच्या गावात राहून मऊ मऊ काय खायचं ओ?" हा त्यांचा सवाल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण केचपच्या वर पडलेली शेव पोटात जायच्या आधीच भिजून मेलेली असते, हे दाजींना कोण सांगणार? ते दाजी आहेत.

या सगळ्यात भर घातली सुट्टीवर आलेल्या मावसभावानं. तो शिकागोत असतो. तिथं हॉट डॉगवर काय असावं हे ठरलेलं आहे : खसखस लावलेला बन, पिवळी मोहरी म्हणजे मोहरीचा सॉस, बारीक चिरलेला कांदा, काकडीचं हिरवंगार गोडसर रेलिश म्हणजे बारीक चिरलेलं लोणचं, टोमॅटोच्या फोडी, लोणच्यातल्या काकडीची लांब फाक, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या मिरच्या आणि सेलरीचं मीठ. केचप नाही म्हणजे नाही. अमेरिकेच्या नॅशनल हॉट डॉग अँड सॉसेज कौन्सिलनं तर शिष्टाचारांची यादीच केलीय. त्यात म्हटलंय, वयाच्या १८ वर्षांनंतर हॉट डॉगवर केचप घेऊ नये. मतदानाचा हक्क मिळाला की केचपचा गेला.

मला हे ऐकून आनंद झाला, पण भावाची बाजू तपासल्याशिवाय मी सोडत नाही. केचप गोड म्हणून नको, आणि रेलिश गोड असून चालतं, हा कुठला न्याय? त्याचं उत्तर असं की टोमॅटो फोडींच्या रूपात आधीच आहे, गोडवा रेलिशमध्ये आहे, आंबटपणा लोणच्यात आहे. केचप हे सगळं एकदमच घेऊन येतं आणि बाकीच्यांना बोलू देत नाही. हे मला पटलं. आमच्या गाडीवरच्या टिक्कीत आलं-मिरची चांगली असते. केचप पडलं की सगळ्या गाड्यांचे बर्गर एकाच चवीचे होतात.

भावाची ती पिवळी मोहरी मात्र आमच्या गावाची निघाली. म्हणजे जवळपास. मोहरीचं पीठ नुसतं व्हिनेगरमध्ये कालवलं तर रंग मळकट येतो. हॉट डॉगवरचा तो झगझगीत पिवळा रंग हळदीचा असतो. फ्रेंच्स कंपनीची असली पिवळी मोहरी १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढं आली. तेव्हापासून अमेरिकेतली माणसं मोहरी समजून हळदीचा रंग चाटत आहेत, आणि आम्ही इथं मार्केट यार्डात हळदीचे सौदे लावतोय. शेजारच्या हरिपूरला जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे. २००५च्या पुरात त्यातली कितीतरी बुडाली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. शिकागोच्या हॉट डॉगवरची हळद सांगलीचीच असते असा दावा मी करत नाही. दाजी करतात.

पुरावा घरातच मिळाला. भावानं आणलेल्या बाटलीतली मोहरी पुतणीच्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडली. वहिनींनी सवयीनं धुण्याचा साबण चोळला आणि पिवळा डाग बघता बघता कुंकवासारखा लाल झाला. पुतणी घाबरली, वहिनी हसल्या. चुना लागला की हळद लाल होते, साबणानंही तेच होतं, हे इथं लहान पोरालाही ठाऊक. लिंबू पिळलं तर परत पिवळी. कुर्ता दोन दुपारी कडक उन्हात टाकला तेव्हा डाग फिका झाला. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही.

आता माझं मत. बर्गरमध्ये कच्चा कांदा हवाच, पण चकत्या नकोत, बारीक चिरलेला हवा; चकती पहिल्या घासालाच अख्खी ओढली जाते आणि उरलेला बर्गर पोरका होतो. कोबीला आधी मीठ लावून ठेवलं तर तो पाणी सोडतो आणि खालचा बन लगदा होतो, म्हणून मीठ आयत्या वेळी. बन लोण्यावर खरपूस भाजायचा, तेलकट थर पाण्याला आत शिरू देत नाही. मेयोनीज त्यासाठी चालेल, पण पुतणीच्या मापानं नव्हे. आणि टिक्कीच्या खाली खर्डा. वर लावला की नाकाला आधी झोंबतो, खाली लावला की बटाट्याच्या मागून येतो. भावानं खर्ड्याला लगेच परवानगी दिली, कारण शिकागोतही मिरच्या असतातच. शेव ज्याला हवी त्यानं वेगळ्या वाटीत घ्यावी आणि घासागणिक टाकावी. दाजींना हे अपमानास्पद वाटतं.

ऑस्ट्रेलियात बर्गरमध्ये बिटाची चकती घालतात, ही भावानं जाता जाता टाकलेली काडी. कधी अंडं, कधी अननसही. अननसावर घरात एकमतानं नकार आहे. बिटाबद्दल वहिनी तयार आहेत, पण पुतणीनं त्या दिवशी काळा ड्रेस घालून बसायचं, अशी त्यांची अट आहे.