बाबांच्या नावाचं तिकीट

१९८६ च्या जूनमध्ये मेक्सिकोतले सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू व्हायचे. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या मजल्यावर टीव्ही एकच, शेजारच्या काकांकडे. खोलीत बायका-पोरं, उंबऱ्यावर म्हातारे आणि बाकी सगळे बाहेर पॅसेजमध्ये उभे. मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध केलेला तो दुसरा गोल माझ्या बाबांनी त्या पॅसेजमधून पाहिला, पुढच्या दोन डोक्यांमधल्या फटीतून. चार वर्षांपूर्वी, १९८२ च्या संपात, त्यांची गिरणी सुटली होती. तेव्हा ते एका गोदामावर रखवालदार होते आणि सामना बघायला मिळावा म्हणून पाळी बदलून घ्यायचे. अर्जेंटिना तेव्हापासून आमच्या घरची टीम. मला फुटबॉल कळायला लागला तो बाबांमुळे, जांबोरी मैदानाच्या कडेला बसून.

२०१७ ला सतरा वर्षांखालच्या मुलांच्या विश्वचषकाची एक सेमीफायनल नवी मुंबईत झाली, स्पेन विरुद्ध माली. मी बाबांना डी. वाय. पाटील स्टेडियमवर घेऊन गेले. परतीच्या गाडीत वाशी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोठ्यांचा कसा असेल गं?" त्या प्रश्नापायी मी पुढची पाच वर्षं पैसे बाजूला टाकले.

कतारचा विश्वचषक २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर २०२२ असा होता. मी फेब्रुवारीतच कामाला लागले, कारण बाबांकडे पासपोर्टच नव्हता. वय ६६. कधी लागलाच नाही.

हा भाग सविस्तर सांगते, कारण घरातल्या वयस्कर माणसाला परदेशी न्यायचं तर खरी लढाई इथेच असते. बाबांच्या आधार कार्डावर जन्माचं फक्त साल होतं, १९५५. तारीख नाही. पॅन कार्डावर १ जानेवारी. शाळेत नाव घालताना गुरुजींनी काय लिहिलं होतं, ते बाबांना आठवत नव्हतं. मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी जाऊन जिल्हा परिषदेच्या शाळेतून शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुय्यम प्रत काढली. त्यावर १ जून १९५५. आपल्याकडे एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो, तसाच. त्या दाखल्यावर आधी आधार दुरुस्त केलं, मग पॅन, मग पासपोर्टचा अर्ज. नावाचाही घोळ होता. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये, दुसऱ्यावर नाहीच. पुढे तिकीट असो की प्रवेशाचं कार्ड, पासपोर्टवरची अक्षरं जशीच्या तशी लागतात, म्हणून सगळीकडे एकच नाव करून घेतलं. हे आधीच करा. बाबा नववीपर्यंत शिकलेले. दहावी नसलेल्यांच्या पासपोर्टवर आखाती देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी लागण्याचा शेरा येतो, अशी मला धास्ती होती. पण पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही. पोलीस पडताळणीला चौकीतला हवालदार घरी आला तेव्हा आईने त्याला पोहे केले. मे महिन्यात पासपोर्ट आला. बाबांनी तो उशाखाली ठेवला.

तिकिटांची सोडत एप्रिलमध्ये होती. १ एप्रिलला गट ठरले, अर्जेंटिनाच्या गटात सौदी अरेबिया, मेक्सिको आणि पोलंड आले आणि ५ ते २८ एप्रिल अर्ज घेतले गेले. परदेशी माणसाला गटसाखळीतलं सगळ्यात स्वस्त तिकीट २५० रियालचं. त्याहून स्वस्त, ४० रियालची चौथी श्रेणी फक्त कतारमध्ये राहणाऱ्यांसाठी. मी मेक्सिकोच्या सामन्याची दोन तिकिटं मागितली. बाबा "सोडत" हा शब्द ऐकून गप्प झाले. गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत त्यांचा नंबर अजून लागलेला नाही. इथेही लागला नाही.

जुलैत पुन्हा विक्री उघडली, या वेळी आधी येईल त्याला. बेल्जियम–मोरोक्कोची दोन मिळाली. पैसे परदेशात चालणाऱ्या कार्डाने भरायचे होते आणि माझं कार्ड रूपेचं. बँकेत जाऊन वेगळं कार्ड काढलं, त्यावर परदेशी व्यवहार सुरू करून घेतले. विक्रीच्या दिवशी हे करायला वेळ नसतो, आधी एक छोटी खरेदी करून बघावी.

अर्जेंटिनाची तिकिटं मात्र अधिकृत फेरविक्रीतूनच मिळायची होती. ज्याला जमत नाही तो आपलं तिकीट तिथे परत टाकतो, ज्याच्या नजरेस पडेल त्याने उचलायचं. दोन सलग जागा हव्यात, हीच अडचण. बाबांना एकट्याला कुठेतरी बसवून मी दुसऱ्या टोकाला बसणार नव्हते. कुणीकुणी बाहेरून तिकिटं देतो म्हणाले, तिप्पट भावाने. मी घेतली नाहीत. तिकीट कागदाचं नव्हतंच, मोबाईलमधल्या अ‍ॅपवर होतं. बाहेर दिलेल्या पैशांची हमी कुणाकडे मागणार? जवळजवळ तीन महिने मी रोज पहाटे पाचला आणि ऑफिसच्या लोकलमध्ये ते पान उघडत होते. ऑक्टोबरच्या शेवटी, दादर सोडल्यावर, दुसऱ्या श्रेणीच्या दोन शेजारशेजारच्या जागा दिसल्या. ६०० रियाल एकीचे, म्हणजे तेराएक हजार रुपये. गर्दीत एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हाताने पैसे भरले. बाबांना फोन केला तर म्हणाले, "माझ्या नावाचं आहे ना? तुझ्या नावावर दोन नको." तेव्हाच्या तेव्हा एक तिकीट त्यांच्या नावावर केलं.

राहण्याची सोय माझ्या मावसभावामुळे झाली. तो दोह्यात अल मन्सुरा भागात राहतो, एसीच्या डक्टिंगचं काम करतो. तिथल्या रहिवाशाला आपलं घर नोंदवून दहापर्यंत पाहुणे ठेवता येत होते. त्याने आमचे पासपोर्ट क्रमांक टाकले, मग आमचं 'हय्या' कार्ड मंजूर झालं. हे कार्ड म्हणजेच व्हिसा, स्टेडियममध्ये शिरायची परवानगी आणि मेट्रोचा फुकट पास, सगळं एकात. बाबांचा फोटो पहिल्यांदा परत आला, चष्म्यावर उजेड चमकत होता. चष्मा काढून काढला. १ नोव्हेंबरपासून कोविड चाचणीची अटही उठली. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. तिकडे काही औषधांवर कडक बंधनं आहेत.

निघायच्या तीन दिवस आधी, २२ नोव्हेंबरला, सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ हरवलं. आपल्याकडे दुपारी साडेतीनचा सामना. मी अर्धी रजा टाकून घरी आले होते. बाबा उठून गच्चीवर गेले ते दिवे लागले तरी खाली येईनात. आता मेक्सिकोकडूनही हरले तर खेळ संपला, आणि ते बघायला आम्ही दोघं समुद्रापार जाणार. आईने विचारलं, "रद्द करायचंय का?" बाबा म्हणाले, "हरणार असेल तर जायलाच हवं."

२५ ला पोहोचलो. विमान चारेक तासांचं, खाली मेट्रो तयार. त्या दिवशी मॅराडोनाला जाऊन दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात अर्जेंटिनाचे लोक ढोल घेऊन त्याचं नाव गात होते. त्यांच्यात आपली केरळची पोरं निळ्या-पांढऱ्या जर्सीत, तीही तितकीच. एकाने बाबांच्या गळ्यात स्कार्फ घातला. मल्याळम बाबांना येत नाही, त्याला मराठी येत नव्हती. "मॅराडोना, एटी सिक्स" एवढ्यावर दोघं पंधरा मिनिटं बोलले.

मुशैरीब स्टेशनवर, जिथे तिन्ही मार्ग मिळतात, एक नेपाळी सुरक्षारक्षक उभा होता. बाबांनी त्याला हिंदीत विचारलेला पहिला प्रश्न होता, "ड्यूटी किती तासांची?" बारा तास, तो म्हणाला. मग राहायला कुठे, खोलीत किती जण, घरी कधी गेला होतास. मी घाई करत होते. बाबा हलले नाहीत. ही स्टेडियमं नेपाळी, बांगलादेशी आणि आपल्याकडच्या माणसांनी बांधली, त्यात कितीतरी जण उन्हाने आणि अपघाताने गेले, हे बाबांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. २०२१ मध्ये तिथे किमान मूळ पगार महिना १,००० रियाल ठरला. आमची दोन तिकिटं १,२०० ची. हा हिशोब बाबांनी मला मेट्रोत बसल्यावर सांगितला, रागाने नाही, आणि म्हणाले, "विसरू नको." नाही विसरले, म्हणून लिहिते आहे.

सामना २६ ला रात्री दहाला, लुसैल स्टेडियमवर. आम्ही पाचलाच निघालो. हिरव्या मार्गाने मुशैरीब, तिथून लाल मार्गाने शेवटचं लुसैल स्टेशन. स्टेशनपासून चालायला लागतं आणि बाबांचा एक गुडघा दुखरा, म्हणून दर थोड्या अंतरावर बसत गेलो. लवकर निघायचं कारण तेच. फाटकावर बाबांनी फोन माझ्याकडे दिला नाही. स्वतः धरला, यंत्रासमोर नेला, हिरवा दिवा लागला. आत जाऊन ते बाजूला थांबले आणि पडद्यावरचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, दाखल्यावर होतं तसं.

त्या रात्री स्टेडियममध्ये ८८,९६६ माणसं होती. १९९४ च्या अंतिम सामन्यानंतर विश्वचषकाच्या सामन्याला इतकी गर्दी झाली नव्हती. त्या आवाजाचं वर्णन मला जमत नाही. आमच्या शेजारी मेक्सिकोचं कुटुंब होतं, आजी, मुलगा, नातवंडं. आजीने बाबांना पाठीला टेकायला स्वतःची उशी दिली, आम्ही तिला तिळाची चिक्की. पहिला हाफ कोरडा गेला. कुणी धोका पत्करत नव्हतं. बाबा सारखे पुटपुटत होते, "मधे माणूस नाही, मधे माणूस नाही."

६४ व्या मिनिटाला डी मारियाने चेंडू आत दिला आणि मेस्सीने डी-च्या बाहेरून डाव्या पायाने जमिनीलगत मारला. पुढच्या रांगा एकदम उभ्या राहिल्या. बाबांना उठायला गुडघ्यामुळे वेळ लागला. मी त्यांच्याकडे वळले तेव्हा ते माझ्याकडे नाही, पुढच्या दोन पाठींमधल्या फटीतून बघत होते.

"दिसला?" मी ओरडले.

"जाळी हलली ती दिसली," बाबा म्हणाले. "पुरे."

८७ व्या मिनिटाला एन्झो फर्नांडिसने दुसरा मारला. तो बाबांनी उभं राहून, पूर्ण पाहिला. मेक्सिकोची आजी रडत होती. बाबांनी तिच्यासमोर हात जोडले, जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर येऊ न देता.

बाहेर पडल्यावर मेट्रोची रांग वळणावळणाने कुठपर्यंत गेली होती ते दिसतच नव्हतं. मेट्रो पहाटे तीनपर्यंत होती. आम्ही रांगेत घुसलो नाही, कडेच्या बुटक्या भिंतीवर तासभर बसलो. वयस्कर माणूस बरोबर असेल तर हेच करावं. बाबांनी आईला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, पण ती जागीच होती, अख्खी चाळ जागी होती.

दुसऱ्या दिवशी मोरोक्कोने बेल्जियमला २-० हरवलं. तो सामनाही सुंदर झाला, पण त्याबद्दल लिहायला माझ्याकडे आज शब्द शिल्लक नाहीत.

परत आल्यावर बाबांना तिकीट हवं होतं, हातात धरता येईल असं. मोबाईलवरच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट घेऊन मी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन करून घेतलं. बाबांच्या पत्र्याच्या पेटीत त्यांचा गिरणीचा पास आहे, फोटो फिका झालेला. शाळेचा दाखलाही आता तिथेच असतो. तिकीट त्यांनी दोन्हींच्या मध्ये ठेवलं. १८ डिसेंबरला अर्जेंटिना जिंकली तेव्हा ते काढून अख्ख्या पॅसेजला दाखवलं.