सायरन वाजला आणि चाळीस गार्ड

टूल निवडायचं म्हणजे एक तक्ता भरायचा, असं आमच्या सरांना मनापासून वाटतं. रकाने त्यांनीच पाडून दिले होते: वेग, मेमरी, लायसन्स, शिकायला किती दिवस. आमच्या व्हिडिओ गेममधल्या गार्डच्या एआयसाठी, म्हणजे त्यांनी कधी काय करायचं ते ठरवण्यासाठी, तीन टूल्स आणि हातात एक आठवडा.

डेमो व्हिडिओंवर माझा काडीचा विश्वास नाही. रिकाम्या खोलीत एकटं कॅरेक्टर शहाण्यासारखंच वागणार. म्हणून मी मुद्दाम अडचणीचं अंगण बांधलं. दोन अरुंद दारं, मधोमध खांब, चाळीस गार्ड. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 16.6 मिलिसेकंद. त्यात ग्राफिक्स, फिजिक्स, अ‍ॅनिमेशन पोटभर जेवून उठले की एआयच्या पानात दोन उरले तरी नशीब.

युटिलिटीवालं टूल पहिल्याच दुपारी जुनं दुखणं घेऊन आलं. यात प्रत्येक कृतीला गुण मिळतात आणि जास्त गुणांची कृती जिंकते. दारातल्या गार्डचा 'पाठलाग' 0.61, 'आडोसा' 0.60, पुढच्या टिकला, म्हणजे पुढच्या हिशेबाला, उलट. बिचारा अर्धं पाऊल आत, अर्धं बाहेर, उंबऱ्यावरच झुलत राहिला. चालू असलेल्या कृतीला थोडे जादा गुण दिले की हे थांबतं, पण ते 'थोडे' म्हणजे किती, हे चाचपण्यात संध्याकाळ गेली.

दुसरं टूल बिहेवियर ट्रीचं, म्हणजे 'हे जमलं नाही तर ते कर' अशा फांद्यांचं झाड. तिच्याबद्दल काय सांगायचं? 2004च्या 'हेलो 2' या गेमनंतर ती घरोघरी पोचली, डिझायनर लोकांच्या हातात बसली आहे. झाडातला चालू नोड, म्हणजे गाठ, पिवळा होतो, गार्ड कुठे अडकला ते लांबून दिसतं.

माझा जीव तिसऱ्यावर, प्लॅनरवर होता. 2005च्या 'फिअर' या गेममध्ये स्टेट मशीनला, म्हणजे कॅरेक्टरला ठरलेल्या अवस्थांमधून फिरवणाऱ्या भागाला, तीनच अवस्था होत्या, बाकी सगळं प्लॅनरनं पेललं होतं. प्रत्येक कृतीची अट आणि परिणाम लिहायचा, ध्येय द्यायचं. रस्ता तो शोधतो. आमच्यातला एक गार्ड मात्र बंद दाराला नाक लावून उभा राहिला. टूलमध्ये चूक शोधायच्या डीबगरच्या नावाखाली मजकुराचा नुसता धबधबा. दोन तासांनी सापडलं: गार्डच्या लेखी दार उघडंच होतं, कारण दुसऱ्यानं ते लावून घेतलं ही बातमी त्याच्यापर्यंत पोचवायची सोयच मी केली नव्हती. चूक माझी, पण टूलनं ती दोन तास लपवली.

मग सायरन वाजवला. चाळीसही जणांचे प्लॅन एकाच फ्रेममध्ये रद्द, चाळीसही जण नव्यानं विचार करायला बसले. फ्रेमचा वेळ मोजणाऱ्या प्रोफाइलरच्या आलेखावर 31 मिलिसेकंदांचा खांब उभा राहिला. मी एक रांग लावली: एका फ्रेममध्ये एकानंच विचार करायचा, क्रम कसाही. शेवटच्याचा नंबर लागेपर्यंत पाऊण सेकंदसुद्धा होत नाही.

आमची डिझायनर मागून जाता जाता थबकली. "अरे, आज ही माणसं वाटतायत! आधी तो दचकला, मग त्याचं बघून हा." कोणीच कोणाचं बघत नव्हतं. ती माझी रांग होती.

झोप लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच रांग ट्रीच्या गार्डांना लावली. कुठले कोणाचे ते डिझायनरला न सांगता प्लॅनरवाले आणि ट्रीवाले दोन्ही दाखवले, दोनदा. दोन्ही वेळा तिनं ट्रीवाले निवडले आणि वर म्हणाली, "हाच ना तुझा कालचा प्लॅनर?"

सरांना हे सांगितलं. "छान. मग प्लॅनर वेगात नापास ना?" रांग लावल्यावर तो नापास होत नव्हता, हे बोलेपर्यंत ते पुढच्या रकान्यावर गेले होते.

ट्री घेतली. रांगेचा कोड जेमतेम बारा ओळींचा आहे आणि तिन्हींपैकी कुठल्याच टूलचा नाही. तक्त्यात मी 'माणसासारखं वाटणं' असा एक रकाना वाढवला होता. तिन्ही नावांपुढे तो अजून कोरा आहे.