इंग्रजी संभाषणाच्या ग्रुपला विषय नको, काम द्या

'दर आठवड्याला जमायचं आणि फक्त इंग्रजीत बोलायचं' असं ठरवून सुरू झालेले ग्रुप बहुधा चार-पाच बैठकींतच ढेपाळतात. उत्साह कमी पडतो म्हणून नव्हे. 'मोबाइल चांगला की वाईट' असा विषय दिला, की ज्याला आधीच बरं बोलता येतं तो बोलत सुटतो, एक-दोघं 'येस, येस' करतात आणि उरलेले मान डोलावतात. मान डोलावून भागतं, हीच खरी गोम आहे. गप्प बसणाऱ्यावाचून कुणाचं काही अडतच नाही.

ते अडलं पाहिजे. त्यासाठी माहिती वाटून टाकायची. समजा चौघांनी मिळून दोन दिवसांची सहल ठरवायची आहे. एकाच्या कागदावर गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याकडे खोल्यांचे दर, तिसऱ्याकडे कोणतं ठिकाण कधी बंद असतं ते, चौथ्याकडे एकूण रक्कम आणि सगळ्यांच्या आवडीनिवडी. कागद एकमेकांना दाखवायचा नाही. वीस मिनिटांत बेत पक्का झाला पाहिजे. आता सगळ्यात कच्च्या माणसालाही प्रश्न विचारल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि बाकीच्यांना त्याचं ऐकून घेतल्याशिवाय.

यात दोन गोष्टी हमखास फसतात. कागदावर पूर्ण वाक्यं लिहिली, तर माणसं ती नुसती वाचून दाखवतात. म्हणून आकडे आणि तुटक शब्दच लिहावेत. दुसरं म्हणजे बेत फार सहज जमला, तर पाच मिनिटांत सगळे मोकळे. मुद्दाम एक पाचर मारून ठेवा: स्वस्त खोली ज्या दिवशी मिळते, त्याच दिवशी सोयीची गाडी नाही. मग 'व्हॉट इफ वी गो अ डे लेट?' अशी वाक्यं आपोआप निघू लागतात.

संख्येचा हिशोब सोपा आहे. चाळीस मिनिटांत चौघे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात. दहा जण असतील तर चार. म्हणून जास्त माणसं जमली की सरळ दोन गट करावेत. व्हिडिओ कॉलवर तर तिघेच बरे. आवाज उशिरा पोचतो, दोघं एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात.

नुसतं ऐकून-वाचून का भागत नाही, याचं उत्तर कॅनडातल्या शाळांत मिळालं. तिथे फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजी भाषक मुलांना कित्येक वर्षांनी फ्रेंच उत्तम समजत होतं, पण बोलताना व्याकरण लंगडं पडत होतं. त्यावरून भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की भाषा नुसती समजून भागत नाही, ती तोंडातून काढावीही लागते. ऐकताना अर्थ अंदाजाने लागतो. बोलताना क्रियापदाचं रूप आपल्यालाच ठरवावं लागतं.

बोलण्याचा ओघ वाढवायचा असेल तर ४/३/२ हा सराव मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कीथ मॉरिस यांनी तो १९८३ मध्ये मांडला, पुढे भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनामुळे तो पसरला. सहा जण घ्या: तिघे बोलणारे, तिघे ऐकणारे. बोलणाऱ्याने एखादी ओळखीची गोष्ट एकाला चार मिनिटांत सांगायची, मग जोडीदार बदलून तीच गोष्ट दुसऱ्याला तीन मिनिटांत, आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. हातात टिपण नाही. दर वेळी ऐकणारा नवा हवा, नाहीतर 'हे तर सांगून झालंय' म्हणून माणूस आपोआप काटछाट करतो. काय सांगायचं ते एकदा जुळलं की डोक्यावरचा भार हलका होतो आणि वेग वाढतो. मग भूमिकांची अदलाबदल. सगळं मिळून पंचवीस मिनिटं पुरतात.

याची एक खोच मात्र आहे. पहिल्या फेरीत 'ही डिडन्ट केम' म्हटलं, तर तेच तिसऱ्या फेरीतही येतं, आणि तीनदा घोटल्यामुळे आणखी पक्कं होतं. म्हणून पहिल्या फेरीनंतर एक मिनिट थांबावं. ऐकणाऱ्याने फक्त दोन चुकलेली वाक्यं दाखवायची, बोलणाऱ्याने ती सुधारून एकदा म्हणायची, मग पुढे.

एरवी मध्येच तोडून चुका सुधारू नयेत. अर्थच लागला नाही तर तेवढं विचारावं: 'सॉरी, डू यू मीन यस्टर्डे ऑर टुमारो?' अशी पाच-सहा वाक्यं कार्डावर लिहून सर्वांसमोर ठेवली, की न समजता हसून वेळ मारून नेणं कमी होतं. बाकीच्या चुका एकाने वहीत टिपाव्यात, नाव न घालता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यातल्या पाचच घ्यायच्या, आणि आधी सगळ्यांना स्वतः दुरुस्त करू द्यायच्या. वीस चुकांची यादी वाचून दाखवली, तर पुढच्या बैठकीला निम्मे येत नाहीत.

'एकमेकांच्या चुका आपल्याला चिकटतील' ही भीती बऱ्याच जणांना असते. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक पॅट्रिशिया पोर्टर यांनी १९८६ मध्ये शिकणाऱ्यांचीच संभाषणं तपासली, तेव्हा समोरच्याची चूक उचलल्याची उदाहरणं फार थोडी निघाली. खरी अडचण वेगळी आहे. सगळ्यांची मातृभाषा एकच असली, तर ठरावीक चुका कुणाला खटकतच नाहीत. 'लेट्स डिस्कस अबाउट इट' सगळ्यांना बिनचूक वाटतं, पण त्यातलं 'अबाउट' नको असतं. 'वेस्ट' (west) आणि 'व्हेस्ट' (vest) यांच्या उच्चारांतला फरक मराठी कानाला सहसा जाणवत नाही. इथे मित्रांवर विसंबू नका. शंका आलेलं वाक्य शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहायचं, आणि उच्चार शब्दकोशातलं ध्वनिमुद्रण लावून ऐकायचा. हे काम दर वेळी एकाकडे द्यावं आणि पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं त्याला द्यावीत.

मराठी शब्दावर दंड वगैरे ठेवू नये. शब्द अडला तर तो मराठीत घालून वाक्य इंग्रजीत पुरं करावं, गटाने इंग्रजी शब्द सुचवावा, आणि बोलणाऱ्याने तो घालून तेच वाक्य पुन्हा म्हणावं. हे पुन्हा म्हणणंच बहुतेक गट गाळतात, आणि तो शब्द पुढच्या आठवड्यात पुन्हा अडतो.